पट्टी उतरवायची सोय नाही

माझी आत्या भजनी मंडळात गायची. उमेदीच्या काळात ती पेटीवाल्याला काळी पाच सांगायची. पन्नाशीनंतर काळी चार झाली आणि सत्तरीत काळी तीन. मंडळातल्या कोणालाही त्यात वावगं वाटलं नाही. गळा उतरेल तशी पट्टी उतरवायची, हा आपल्याकडचा जुना आणि शहाणा रिवाज आहे. मोठमोठ्या गवयांनी तो पाळला आणि श्रोत्यांनीही त्यांचं उतरलेल्या पट्टीतलं गाणं त्याच आदराने ऐकलं.

आता समजा, आत्याला कोणी सांगितलं असतं, की बाई, तू तिशीत ज्या पट्टीत गायलीस त्याच पट्टीत, तसाच आवाज लावून, सत्याऐंशीव्या वर्षापर्यंत दर आठवड्याला गायचंस. तिने हात जोडले असते. जपानमधल्या ताकाको सासुगा या बाईंनी मात्र नेमकं हेच केलं. ‘साझाए-सान’ या दूरचित्रवाणी मालिकेतला तीन वर्षांचा तारा त्यांच्या आवाजात बोलायचा. १९६९ साली मालिका सुरू झाली तेव्हा त्यांनी तिशी ओलांडलेली होती. फेब्रुवारी २०२३ मध्ये, वयाच्या ८७ व्या वर्षी त्या गेल्या. तोवर ५३ वर्षं तो आवाज त्यांचाच होता आणि एवढ्या काळात तारा तीनाचा चार झाला नव्हता.

‘साझाए-सान’ आपल्याकडे फारशी कोणी पाहिलेली नाही. तोक्योमधल्या एका एकत्र कुटुंबाची ही साधी, घरगुती गोष्ट. माचिको हासेगावा यांनी १९४६ मध्ये वर्तमानपत्रातली चित्रमालिका म्हणून ती सुरू केली. फुजी टीव्हीवर ती ५ ऑक्टोबर १९६९ रोजी आली आणि आजही रविवारी संध्याकाळी साडेसहाला लागते. सर्वाधिक काळ चाललेली अ‍ॅनिमेशन मालिका म्हणून गिनेसमध्ये तिची नोंद आहे. घरातल्या सगळ्यांची नावं समुद्राशी नातं सांगणारी आहेत: साझाए म्हणजे एक प्रकारची समुद्री गोगलगाय, तिचा धाकटा भाऊ कात्सुओ आणि मुलगा तारा ही दोन्ही माशांची नावं, बहीण वाकामे म्हणजे खाण्याचं शेवाळ. साझाए चोवीस वर्षांची आहे. तिचा आवाज पहिल्या भागापासून आजतागायत मिदोरी काटो यांचा आहे. सुरुवात केली तेव्हा त्या २९ वर्षांच्या होत्या. आता त्यांनी पंच्याऐंशी ओलांडली आहे.

याच घरातल्या आजोबांची, नामिहेईंची, गोष्ट मला सगळ्यात विलक्षण वाटते. कथेत त्यांचं वय ५४ आहे. इचिरो नागाई यांनी हा आवाज द्यायला सुरुवात केली तेव्हा ते स्वतः ३८ वर्षांचे होते, म्हणजे तरुण माणूस म्हाताऱ्याचा आवाज काढत होता. मग एक वर्ष असं आलं असणार, की नट आणि पात्र एकाच वयाचे झाले. पुढे नटाने पात्राला मागे टाकलं. जानेवारी २०१४ मध्ये नागाई वयाच्या ८२ व्या वर्षी वारले, कामासाठी हिरोशिमाला गेलेले असताना, तिथल्या हॉटेलात. शेवटच्या वर्षांत ते आपल्यापेक्षा अठ्ठावीस वर्षांनी लहान माणसाचं बोलणं बोलत होते.

हे एवढं अवघड का, हे समजायला घशात थोडं डोकवावं लागेल.

स्वरतंतू हा शब्द जरा फसवा आहे. ते वीणेच्या तारांसारखे ताणलेले तंतू नव्हेत. स्वरयंत्राच्या दोन बाजूंनी पुढे आलेल्या त्या दोन मऊ घड्या असतात, बायकांमध्ये सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर लांबीच्या. योगायोग असा, की या घड्यांची रचना जगाला नीट उलगडून दाखवली ती एका जपानी डॉक्टरांनीच. कुरुमे विद्यापीठातल्या मिनोरू हिरानो यांनी सत्तरच्या दशकात दाखवून दिलं, की या घड्यांना पाच थर असतात. वर पातळ आवरण, त्याखाली जेलीसारखा लिबलिबीत थर, मग लवचिक धाग्यांचा, मग चिवट कोलॅजनचा आणि तळाशी स्नायू. फुप्फुसांतली हवा वर येते तेव्हा वरचा ओलसर, मऊ भाग तळच्या स्नायूवर लाटेसारखा सरकतो आणि दोन्ही घड्या एकमेकींवर आपटतात. बाईच्या बोलण्यात हे सेकंदाला साधारण दोनशे वेळा घडतं. एक तास सलग बोललं तर सात लाखांहून जास्त वेळा. लहान मुलासारखा चढा आवाज काढला, समजा सेकंदाला तीनशे, तर तासाला दहा लाखांच्या वर.

वयाबरोबर यातला प्रत्येक थर बदलतो. जेलीचा थर विरळ होतो. लवचिक धागे सैल पडतात, कोलॅजन दाट आणि गुंतागुंतीचं होतं. तळचा स्नायू सुकतो, त्यामुळे घड्यांच्या कडा आत वाकतात आणि मिटल्यावरही मध्ये फट राहते. त्या फटीतून हवा निसटते आणि आवाज पोकळ, हवेशीर लागतो. घसा ओला ठेवणाऱ्या ग्रंथी कमी पाझरतात. स्वरयंत्राची कूर्चा हळूहळू हाडासारखी कडक होते आणि सगळं स्वरयंत्रच मानेत किंचित खाली उतरतं. त्यात फुप्फुसांचा दम कमी झालेला असतो, म्हणजे भाताच दुबळा.

बायका आणि पुरुष यांच्यात हे उलट दिशांनी होतं. पुरुषाचा स्नायू सुकून घड्या पातळ झाल्या की म्हातारपणी त्याचा आवाज थोडा चढतो, किनरा होतो. बाईचा आवाज रजोनिवृत्तीनंतर खाली येतो, जाडसर होतो. आता अ‍ॅनिमेशनमधल्या लहान मुलांचे आवाज कोण देतं ते पाहा. बहुतेक बायकाच. कारण उघड आहे. खऱ्या मुलाला घेतलं तर बाराव्या-तेराव्या वर्षी त्याचा आवाज फुटतो आणि नवा मुलगा शोधावा लागतो. चार्ली ब्राउनच्या अमेरिकन अ‍ॅनिमेशनपटांत १९६५ पासून खरी मुलं घेतली गेली आणि म्हणून तिथे आवाज सतत बदलत राहिले. दीर्घ मालिकेला हे परवडत नाही, म्हणून बाई. ती स्वरयंत्र वर उचलते, घशातली पोकळी आखूड करते, ओठ आवळते आणि सहा-सात वर्षांचा मुलगा उभा करते. पण त्यासाठी जे वर उचलायचं तेच वयाबरोबर खाली सरकतं. भूमिका वर ओढते आणि शरीर खाली. निसर्गाने जी दिशा ठरवली आहे तिच्या बरोबर विरुद्ध दिशेने या बायका दर आठवड्याला चालत असतात.

जपानमध्ये यात आणखी एक अडचण आहे. अमेरिकेत आधी आवाज मुद्रित होतो आणि चित्रकार त्या आवाजाला धरून ओठ काढतात. नट थोडा संथ बोलला तर चित्रही संथ होतं. जपानी पद्धत, तिथल्या बोलीत ‘आफुरेको’, उलटी आहे. चित्र आधी, आवाज नंतर. दहा-बारा नट एका खोलीत पडद्यासमोर, हातात संहिता, समोर तीन-चार माइक. आपलं वाक्य आलं की पुढे व्हायचं, पडद्यावरचे ओठ मिटायच्या आत ते संपवायचं आणि पानाचा आवाज न करता मागे सरायचं. म्हणजे दम कमी झाला म्हणून मध्ये श्वास घ्यायला ओठ थांबणार नाहीत. सासुगाबाई ऐंशी उलटल्यावर हे करत होत्या, हे लक्षात ठेवूनच त्यांच्या कामाकडे पाहायला हवं.

आपल्याकडे बालगंधर्व वय उतरल्यावरही स्त्रीभूमिका करत राहिले आणि रसिकांनी देहाकडे पाहणं सोडून दिलं, कारण गळा अजून तोच होता. अ‍ॅनिमेशनमध्ये याच्या अगदी उलट होतं. देह कधीच बदलत नाही, कागदावरचा तारा पन्नास वर्षांनीही तीन वर्षांचाच. बदलतो फक्त गळा. आणि प्रेक्षकाला तर तो गळाच पात्राचं शरीर वाटत असतो. म्हणूनच गळा बदलल्याचा धक्का सहन होत नाही.

या धक्क्याबद्दल सगळ्यात प्रामाणिक बोलणं मला आकिको याजिमा यांचं वाटतं. ‘शिनचॅन’ ही मालिका १९९२ मध्ये सुरू झाली तेव्हापासून त्या पाच वर्षांच्या त्या वाह्यात पोराचा आवाज होत्या. २६ वर्षांनी, २०१८ मध्ये, त्यांनी स्वतःहून काम सोडलं. आजारपण नव्हतं, भांडण नव्हतं. त्यांनी दिलेलं कारण असं होतं, की आता सगळं लक्ष तो आवाज टिकवण्यातच जातं आणि त्यामुळे भूमिका सहजपणे करता येत नाही. या एका वाक्यात या धंद्याचं सगळं दुखणं आलं. ऐकणाऱ्याला कदाचित काहीच फरक कळत नव्हता. आतून मात्र नटाला कळत होतं, की आपण आता अभिनय करत नाही, नुसता स्वर सांभाळतो आहोत. गवई जेव्हा रागाचा विचार सोडून नुसता षड्ज लागतोय का एवढंच पाहू लागतो, तेव्हाचा हा क्षण. तो ओळखणं आणि चारचौघांत कबूल करणं, याला फार मोठं मन लागतं.

अमेरिकेत हा प्रश्न ‘द सिम्पसन्स’ने उभा केला आहे. १९८९ च्या डिसेंबरात ती मालिका सुरू झाली. मार्जचा आवाज देणाऱ्या ज्युली कॅव्हनर १९५० सालच्या, दहा वर्षांच्या बार्टचा आवाज देणाऱ्या नॅन्सी कार्टराइट १९५७ च्या आणि म्हाताऱ्या मिस्टर बर्न्ससह अनेक पात्रं पेलणारे हॅरी शिअरर १९४३ चे. मार्जचा आवाज पूर्वीपासूनच घोगरा, पण पहिल्या वर्षांचे भाग आणि आताचे भाग लागोपाठ ऐकले तर फरक कानाला टोचतो. मालिका २०२९ पर्यंत चालवण्याचा करार झालेला आहे. पात्रच मिटवणं आणि आवाज दुसऱ्याकडे देणं, अशा दोन्ही वाटा तिथे आजवर वापरल्या गेल्या आहेत. १९९८ मध्ये फिल हार्टमन गेले तेव्हा त्यांची पात्रं कायमची बंद केली. २०१३ मध्ये मार्शा वॉलेस गेल्या तेव्हा शिक्षिका एडना क्रबापेलही मालिकेतून गेली आणि त्यानंतरच्या एका भागात बार्टने फळ्यावर तिची आठवण येईल असं लिहिलं. मार्टिन प्रिन्सचा आवाज देणाऱ्या रुसी टेलर २०१९ मध्ये गेल्या तेव्हा मात्र आवाज दुसऱ्याकडे दिला गेला. मिलहाउसचा आवाज देणाऱ्या पामेला हेडन २०२४ मध्ये निवृत्त झाल्या आणि ते पात्रही नव्या गळ्यात गेलं. छोटं पात्र मिटवता येतं. घरातलंच पात्र कसं मिटवणार? मार्जशिवाय ते घर उभं राहत नाही. मला वाटतं, तिथले निर्माते मुख्य आवाज बदलण्याचा निर्णय शक्य तितका पुढे ढकलत आहेत.

जपानने तो एकदा घेतला होता, आणि आपल्या घरांतल्या मुलांनाही त्यातलं पात्र चांगलं ठाऊक आहे. डोरेमॉन.

नोबुयो ओयामा यांचा आवाज मुळातच जाडाभरडा होता. शाळेत मुलं त्यावरून चिडवायची आणि त्या गप्प राहू लागल्या. तेव्हा आईने त्यांना सांगितलं, की लपवलास तर आवाज आणखी दुबळा होईल, उलट तो जास्त वापर. त्या शाळेच्या नभोवाणी मंडळात गेल्या. आज आवाजाचे डॉक्टरही साधारण हेच सांगतात: नीट शिकून, रोज वापरलेला गळा उशिरा म्हातारा होतो. १९७९ च्या एप्रिलमध्ये टीव्ही असाहीवर डोरेमॉन सुरू झाला तेव्हा निळ्या यंत्रमांजराला त्यांचा तो चिडवला गेलेला आवाज मिळाला. डोरेमॉनचे जनक फुजिको एफ. फुजिओ यांनी तो ऐकला आणि डोरेमॉनचा आवाज असा होता तर, अशा अर्थाचं ते म्हणाले. निर्मात्यालाही आपलं पात्र त्या आवाजातून नव्याने कळलं. कुठल्याही आवाजाच्या कलावंताला याहून मोठी पावती मी ऐकलेली नाही.

सव्वीस वर्षं ओयामा डोरेमॉन होत्या आणि नोरिको ओहारा नोबिता होत्या. २००१ मध्ये ओयामांना कर्करोगाने गाठलं. मग २००५ च्या एप्रिलमध्ये डोरेमॉन, नोबिता, शिझुका, जियान आणि सुनिओ, पाचही मुख्य आवाज एकाच वेळी बदलण्यात आले. लोक हळहळले, रागावलेही. पण मला हा निर्णय योग्य वाटतो. एकेक करून बदलले असते तर उरलेल्या जुन्या आवाजांच्या शेजारी प्रत्येक नवा आवाज परका वाटत राहिला असता. एकदम बदलल्यामुळे ती पाच मुलं पुन्हा एका वयाची, एका गल्लीतली झाली. शिवाय हा बदल झाला तेव्हा जुने पाचही जण हयात होते. त्यांना निरोप देता आला, त्यांचं कौतुक त्यांच्या कानावर पडलं. २०१५ मध्ये ओयामांना स्मृतिभ्रंश असल्याचं त्यांच्या पतीने जाहीर केलं. जुलै २०२४ मध्ये ओहारा गेल्या आणि सप्टेंबरात ओयामा, वयाच्या ९० व्या वर्षी. एकाच वर्षात जुना नोबिता आणि जुना डोरेमॉन दोघेही गेले.

हयातीत दिलेला आवाज आणि मेल्यानंतर उचललेला आवाज यांत फार फरक आहे, असं मला मनापासून वाटतं. ‘ल्यूपिन द थर्ड’मधल्या जिगेनचा खर्जातला आवाज कियोशी कोबायाशी यांनी पन्नास वर्षं सांभाळला. २०२१ मध्ये, ८८ व्या वर्षी, त्यांनी तो आकिओ ओत्सुका यांच्याकडे सोपवला आणि पुढच्या वर्षी ते वारले. अमेरिकेत क्लॅरेन्स नॅश यांनी १९३४ पासून डोनाल्ड डकचा आवाज दिला आणि आयुष्याच्या अखेरीला टोनी अँसेल्मो या तरुण चित्रकाराला तो स्वतः शिकवला. गाण्याच्या घराण्यात तालीम देतात तशी ही तालीम. गळा वारशाने मिळत नाही, पण आवाज कुठून लावायचा आणि हसू कुठे अडवायचं, हे शिकवता येतं. ते शिकवायला गुरू जिवंत हवा.

आता यंत्र शिकू लागलं आहे. २०२२ मध्ये नट जेम्स अर्ल जोन्स यांच्या संमतीने त्यांच्या जुन्या मुद्रणांवरून संगणकाने डार्थ व्हेडर या पात्राचा आवाज पुन्हा तयार केला. जपानमधल्या नामवंत आवाज-कलावंतांनी २०२४ मध्ये एकत्र येऊन परवानगीशिवाय आपले आवाज यंत्राला शिकवू नका, अशी मोहीम सुरू केली. मी त्यांच्या बाजूने आहे. संमती आणि मोबदला या गोष्टी असल्याच पाहिजेत. पण संमती असली तरीही एक शंका उरते. यंत्र तरुण ओयामांचा स्वर देईल. डोरेमॉन नोबितावर वैतागतो आणि त्याच श्वासात त्याला जवळ घेतो, ती जागा कुठे घ्यायची हे प्रत्येक भागात ओयामा नव्याने ठरवत असत. ते ठरवणारं कोणी त्या खोलीत असायला हवं.

आणि वयात नुसती झीजच असते असंही नाही. ‘ड्रॅगन बॉल’मधल्या गोकूचा आवाज मासाको नोझावा १९८६ पासून देत आहेत. नव्या मालिकेसाठी २०२४ मध्ये, ८७ वर्षं पूर्ण झाल्यावर, त्या पुन्हा लहान गोकू झाल्या. १९७३ च्या पहिल्या, अल्पजीवी डोरेमॉन मालिकेत काही काळ डोरेमॉनचा आवाजही त्यांचाच होता, हे फार थोड्यांना माहीत आहे.

आपल्याकडे मुलं डोरेमॉन हिंदीतून पाहतात. अनेक वर्षं तो हिंदी आवाज सोनल कौशल यांचा होता आणि तो द्यायला लागल्या तेव्हा त्या शाळेत शिकत होत्या. जपानमध्ये एक प्रौढ बाई आणि इथे एक शाळकरी मुलगी, दोघी एकाच मांजराचं बोलल्या. मुलांनी दोघींवरही सारखाच विश्वास ठेवला.

जपानमध्ये २००५ पासून डोरेमॉनचा आवाज वासाबी मिझुता यांचा आहे. काम हाती आलं तेव्हा त्या तीस वर्षांच्या होत्या. आता त्यांनी पन्नाशी ओलांडली आहे. आज जपानमध्ये तिशीच्या आत असलेल्या बहुतेकांना डोरेमॉनचा खरा आवाज म्हणजे त्यांचाच आवाज. २०३१ च्या एप्रिलमध्ये त्यांचीही या भूमिकेत सव्वीस वर्षं पूर्ण होतील, ओयामांइतकीच.